दरी नको, रस्ता दाखव

सकाळी जठारपेठेतल्या माझ्या फुलांच्या दुकानात शेवंतीचा हार ओवत होतो, तेव्हा अमरावतीहून भाचीचा, मीनलचा फोन आला. "मामा, आई गेली..." ताई झोपेतच गेली होती. हातातला हार मी पुरा केला, गाठही मारली. समोरची बाई हात पुढे करून उभी होती. तिला तो दिलाच नाही. तोच घेऊन अमरावतीला गेलो.

सुमनताई माझ्याहून सात वर्षांनी मोठी. धारणीकडच्या खेड्यांत नर्स म्हणून तिची उमेदीची वर्षं गेली. जीप बंद पडली की पायी निघायची. रिटायर झाल्यावर शुगर निघाली, डॉक्टरांनी चालायला सांगितलं, तर हिने मीनलची कॉलेजातली सायकल बाहेर काढली. दोनेक वर्षांत घाट चढायला लागली. पुढे तिला इंटरनेटवर सायकलवाल्यांची एक साइट सापडली. ठिकठिकाणच्या घाटांचे फोटो लोक तिथे पाठवतात. नव्या माणसाला निघण्याआधी चढ केवढा, रस्ता कसा, पाणी कुठे, ते कळावं म्हणून. परतवाड्याहून धारणीकडे जाणाऱ्या आपल्या घाटाचा तिथे एकही फोटो नव्हता. ताईला ते फार लागलं.

पहिल्या खेपेला फोटो मी काढले. ती सायकलवर पुढे, मी पाण्याची कॅन घेऊन स्कूटरवर मागे. धुक्यातली दरी, साग, कठड्याशी उभी ताई... साइटवाल्यांनी सगळे परत पाठवले. फोटो सुंदर आहेत, पण रस्ता दिसत नाही, असं कळवलं. मला राग आला. ताई मात्र खळखळून हसली. "बरोबरच तर बोलून रायला तो. दरी पायाले लोक गाडीनं येतेत. सायकलवाल्याले रस्ता पायजे." त्यानंतर फोन तिने माझ्या हाती दिलाच नाही. वळणाच्या अलीकडे थांबायची, चढ नीट कळावा म्हणून रस्त्यावर उकिडवी बसायची, ओढ्यावरच्या मोरीचा तुटलेला कठडा टिपायची आणि प्रत्येक फोटोखाली केसपेपरवर लिहावं तसं लिहायची : 'खडी सुटलेली. उतरताना जपून.' मी म्हणायचो, "ताई, फोटो काढून रायली का पेशंट तपासून रायली?" ती म्हणायची, "एकच काम आहे बाप्पा."

एका मे महिन्यात नागपूरच्या एका मुलीचा निरोप आला. ताईने माथ्यावरच्या हापशीचा फोटो टाकला होता, त्याच्या भरवशावर ती वर आली, आणि हापशीला पाणीच नव्हतं. चक्कर येऊन ती झाडाखाली बसली. एका जीपवाल्याने पाणी दिलं म्हणून निभावलं. ताई त्या दिवशी जेवली नाही. मी फोनवर म्हटलं, "हापशी बंद आहे असं लिहून टाक, झालं." ती एकदम तडकली. "न पायता लिहू? मी काय घरी बसून लोकायचा ताप मोजत होतो का?" दुसऱ्या दिवशी तशा उन्हात आम्ही दोघं वर. तिने हापसायला सुरुवात केली. दांडा नुसता खडखडत होता. मी दांडा धरला, हात भरून आले, मग ती, पुन्हा मी... "सोड ताई," मी म्हणत होतो, आणि तेवढ्यात आत खोल गुरगुर झाली आणि गार पाण्याची धार लागली. ताई तिथेच ओट्यावर बसली, साडीचा पदर पूर्ण भिजवला आणि रडली. घरी आल्यावर त्या मुलीला लिहिलं : चूक माझी. पाणी आहे, पण फार वेळ हापसावं लागतं, हे मी लिहायला हवं होतं.

परवा मीनलने ताईचा फोन माझ्यापुढे धरला. न पाठवलेला एकच फोटो उरला होता : एक वळण, वर झाडांची कमान. खाली काहीच लिहिलेलं नव्हतं. "मामा, हे कुठचं?" मला सांगता येईना. इतक्या वेळा तिच्या मागोमाग गेलो, पण मी तिच्या पाठीकडे पाहत जायचो, रस्त्याकडे कुठे पाहिलं होतं?

रविवारी एकटाच घाटात गेलो. प्रत्येक वळणावर स्कूटर थांबवून फोटो समोर धरत होतो. माथ्याच्या थोडं अलीकडे ते सापडलं. मीनलच्या मदतीने फोटो ताईच्या नावाने पाठवला. खाली काय लिहायचं, ते तिथेच उभं राहून ठरवलं होतं : 'चढ अवघड. इथे सावली आहे. थोडं थांबून पुढे जावं.'

ते ठरल्यावर मीही त्या सावलीत थांबलो... बराच वेळ.