चपातीचं घर

माझ्या सासरी घरची माणसं भाकरी खात नव्हती. रानातल्या गड्यांसाठी थापायची, घरच्यांच्या ताटात मात्र चपाती. मला बघायला आल्या तेव्हा सासूबाईंनी आमच्या अंगणात बसून माझ्या आईला हे ऐकवलं होतं, "आमच्यात पोरास्नी भाकरी देत न्हाईत." आई पदर सावरत हसली. लेकीचं नशीब उघडलं, असं तिला वाटलं. मलाही तसंच वाटलं, खोटं कशाला बोलू.

माझं माहेर माण तालुक्यात, उन्हाळ्यात टँकरची वाट बघणारं. सासर उंब्रजजवळ, नदीकाठी, दारापर्यंत ऊस. जिल्हा एकच. पण सासूबाई माझ्या माहेराबद्दल बोलायच्या ते कुठल्यातरी भिकाऱ्या मुलखाबद्दल बोलल्यासारखं. 'दुष्काळी' हा शब्द त्या घरात माझ्या नावाच्या जागी चालायचा. आमटी पातळ झाली की दुष्काळी. तेल जास्त पडलं तरी दुष्काळी, कारण तेल कधी बघितलेलंच नाही. नवरा फौजेत. सुट्टीवर यायचा, आईच्या हातचं खायचा, परत जायचा. त्याच्या कानावर घातलं की म्हणायचा, "आईचा स्वभाव हाय, मनावर घेऊ नको." मी मनावर घेतलं. सगळं घेतलं, जपून ठेवलं.

लेक झाली. पहिले सहा-सात महिने अशी गुटगुटीत की शेजारणी गालबोट लावून जायच्या. उष्टावणाला सासूबाईंनी चांदीच्या वाटीतून गव्हाची खीर भरवली. मग रव्याची पेज, मग दुधात कुस्करलेली चपाती, चहात बुडवलेलं बिस्कीट, आणि रडली की साजूक तुपातला शिरा. नातीवर त्यांचा जीव होता. ते मी नाकारत नाही. नाकारता आलं असतं तर माझं काम सोपं झालं असतं.

वर्षाची व्हायच्या आत तिचं पोट बिघडलं ते बिघडलंच. पांढुरके, तेलकट जुलाब, आणि वास असा की धुतलेल्या दुपट्यांना तो जायचा नाही. हातापायांच्या काड्या झाल्या, पोट तेवढं नगाऱ्यासारखं पुढं. केस विरळ झाले. हसायची बंद झाली. दोन वर्षांची झाली तरी भिंत धरून दोन पावलं टाकायची आणि बसायची. गावच्या डॉक्टरनं जंताचं औषध दिलं. कराडच्या डॉक्टरनं रक्त वाढायचं दिलं. साताऱ्याच्या डॉक्टरनं दोन्ही दिली आणि वर सांगितलं, "हलकं खायला द्या." हलकं म्हणजे चपाती, बिस्कीट, पाव. भाकरी जड, हे सगळ्यांनाच ठाऊक असतं. मीही तिला माझ्या हातानं चपाती भरवत होते, तूप लावून, मऊ करून.

औषधांना गुण येईना तेव्हा सासूबाई शेजारच्या गावातल्या एका म्हातारीला घेऊन आल्या. म्हातारीनं सुईच्या टोकावर बिब्बा तापवला आणि पोरीच्या पोटावर त्याचे चटके दिले. पोरीचे हात मी धरले होते. मीच धरायचे होते, कारण दुसऱ्या कुणाजवळ ती थांबत नव्हती. ते काळे डाग अजून तिच्या बेंबीभोवती आहेत. पोहायला गेली की ओढणी गुंडाळते.

त्या उन्हाळ्यात माझी आई पाय मोडून पडली आणि मी पोरीला घेऊन महिनाभर माहेरी गेले. तिथं ती बरी झाली. औषध नाही, अंगारा नाही. जुलाब थांबले, ती अंगणात कोंबड्यांच्या मागं धावायला लागली, आणि एका सकाळी खदाखदा हसली. आईला बसल्या जागी रडू आलं. आईच्या घरी खाणं काय, तर बाजरीची नाहीतर जोंधळ्याची भाकरी दुधात कुस्करून, आणि ज्वारी भरडून शिजवलेल्या कण्या, ताकात. रेशनवरचा गहू आई शेजारणीला देऊन तिच्याकडून ज्वारी घ्यायची, कारण चपातीनं वडिलांचं पोट भरत नाही. आम्ही म्हणालो, माणची कोरडी हवा पोरीला मानवली. सासरी परत आलो आणि पंधरा दिवसांत दुपट्यांना तोच वास यायला लागला.

पुढच्या वर्षी पुन्हा तसंच झालं. माहेरी बरी, सासरी आजारी. आता दोन वेळा एकच गोष्ट घडली की माणसं विचार करायला लागतात, आणि त्या घरातल्या माणसांनी त्यांच्या कुवतीप्रमाणे केला.

नणंद सांगलीला दिलेली. ती चार दिवस माहेरपणाला आली होती. दुपारी सासूबाईंच्या शेजारी बसून तिनं मोबाइलवर काहीतरी लावलं आणि मला ऐकू जाईल इतक्या आवाजात म्हणाली, "असल्या आया असत्यात आई. सोताच्या पोराला मुद्दाम आजारी पाडत्यात. लोकांनी हळहळावं म्हणून."

"हिला नांदायचंच न्हाई हितं," सासूबाई म्हणाल्या. "पोरीला कायतरी चारती आन् माहेरचा रस्ता धरती. न्हाईतर तिथं बरी आन् हितं आजारी, ह्ये कसं?"

प्रश्न बरोबर होता. आजवर एकाही डॉक्टरनं तो विचारला नव्हता. मी मात्र भांडत बसले. तोंडाला येईल ते बोलले, भिंतीवर तांब्या फेकला. तांब्या फेकणारी बाई लेकराला काय करेल याचा नेम नाही, हे त्यांच्या बाजूनं आणखी पक्कं झालं. संध्याकाळी नवऱ्याचा फोन आला. मला वाटलं, धीर देईल. तो म्हणाला, "तू खरंच कायबाय देत न्हाईस न्हवं?"

त्या एका वाक्यानंतर मी त्याच्याशी संसार केला आहे, अजून करते आहे. पण ते वाक्य माझ्या कानातून गेलेलं नाही.

ठरलं असं, की पोरीला थोडे दिवस आईपासून लांब ठेवायचं. नणंद तिला सांगलीला घेऊन जाणार, सासूबाई सोबत जाणार, मी घरी थांबणार. मी सासूबाईंचे पाय धरले. "आत्या, मला मोलकरीण म्हणून न्या, पण न्या." आमच्याकडं सासूला आत्याच म्हणतात. आत्यांनी पाय काढून घेतले. गाडीच्या खिडकीतून पोरगी माझ्याकडं बघत होती आणि तिच्या हातात बिस्किटाचा पुडा होता.

तिकडून नणंद रोज व्हिडिओ कॉल करायची. पोरगी सोफ्यावर, पुढ्यात कधी पाव, कधी शेवयांची खीर, कधी त्या पिवळ्या नूडल्स. "बघ, किती खाती," नणंद म्हणायची. पहिले काही दिवस पोरगी जरा बरी दिसली आणि माझा जीव थाऱ्यावर राहीना. ती तिथं बरी झाली तर मी चेटकीण ठरणार होते आणि लेक माझ्याकडं परत येणार नव्हती. मग मी देवघरासमोर बसले आणि मागितलं, तिचं पोट तिकडंही बिघडू दे. मी आई आहे आणि मी हे मागितलं. देवानं एवढं एकच माझं ऐकलं.

पोरगी सांगलीला बाथरूममध्ये चक्कर येऊन पडली. तिला मिरजेच्या दवाखान्यात भरती केलं, आणि तिथल्या लहान मुलांच्या डॉक्टरीणबाईंनी पहिलंच विचारलं, "आई कुठे आहे?" म्हणून मला बोलावणं आलं. नाहीतर आलं नसतं.

मी पोचले तेव्हा तिच्या हाताला सलाइन होतं. तिनं मला बघून हात पुढं केला नाही, नुसते डोळे मिटून घेतले. डॉक्टरीणबाई खुर्ची ओढून बसल्या. पोट दाबून बघितलं, बिब्ब्याच्या डागांवर बोट फिरवलं. मग म्हणाल्या, "ही कधी बरी होती का? मध्ये कधी?"

"माझ्या माहेरी," मी म्हणाले. "दोन वेळा."

सासूबाई आणि नणंदेनं एकमेकींकडं बघितलं. बाई म्हणाल्या, "घरी काय खाते ते सकाळपासून सांगा." सासूबाई पुढं सरसावल्या. चपाती, दूध, शिरा, बिस्कीट, तूप. सगळं मापात आणि अभिमानानं. "आमच्यात पोरास्नी भाकरी देत न्हाईत," हेही सांगून झालं.

"आणि माहेरी काय द्यायचात?" बाईंनी मला विचारलं.

त्या खोलीत माझं लेकरू पडलं होतं. हाडांवर कातडं, नसा निळ्या. आणि मला दिसत होती नणंदेच्या हातातली पर्स आणि सासूबाईंचे मुरडलेले ओठ. मी म्हणाले, "तेच. चपाती."

बाईंनी मान हलवली आणि लिहायला घेतलं. तिथंच सगळं संपलं असतं. पण सासूबाईंना राहवलं नाही.

"कशाची चपाती?" त्या फिस्सकन हसल्या. "आवं डाक्टरीणबाय, हिच्या माहेरात गहू सणालाबी दिसायचा न्हाई. भाकरी आन् कण्या! गड्यांचं खाणं. आमची पोरगी महिनाभर तेच गिळती तिथं."

बाईंचा पेन थांबला. त्यांनी माझ्याकडं बघितलं. "महिनाभर गहू अजिबात नाही? बिस्कीटसुद्धा नाही?"

"बिस्कीट आणायला दुकान पायजे न्हवं," सासूबाई म्हणाल्या. त्यांना वाटत होतं, त्या मला उघडं पाडतायत. पाडलंच त्यांनी.

मग रक्त तपासायला गेलं. पोरीच्या तोंडातून दुर्बीण घालून आतड्याचा तुकडा काढला. गव्हात जो चिकटपणा असतो तोच तिच्या आतड्याला सोसत नाही, असं बाईंनी सांगितलं. रोगाला इंग्रजी नाव आहे आणि औषध नाही. गहू, रवा, मैदा, पाव, बिस्कीट जन्मभर बंद. "भाकरी द्या," बाई म्हणाल्या. "ज्वारी, बाजरी, नाचणी, भात. हिचं औषध तेच आहे." सासूबाईंचा चेहरा त्या वेळी मी डोळे भरून बघितला. त्याची मला लाज वाटत नाही. तीन वर्षं उपाशी असलेल्या माणसासारखी मी तो बघितला.

त्यांचा विश्वास बसला नाहीच. "गव्हानं कुणी मरतंय व्हय?" म्हणत त्यांनी दिवाळीत माझ्या मागं पोरीला करंजी भरवली. संध्याकाळी पोरगी ओकायला लागली आणि हगवण सुरू झाली. मी तिला उचललं नाही. सासूबाईंना हाताला धरून तिच्याजवळ बसवलं आणि म्हणाले, "तुमी भरवलंय, तुमीच काढा." नव्या लुगड्यावर ओकारी घेऊन त्या बसून राहिल्या आणि मी दारात उभी राहून बघत होते. पोरगी "आई, आई" करत होती. तरी मी गेले नाही. त्यानंतर त्या घरात करंजी झाली नाही.

आता लेक दहा वर्षांची आहे. उंच झालीय, केस लांब आहेत, आणि ती फार बोलते. परातीचा कानाकोपरा घासून मी तिच्यासाठी भाकरी थापते. सासूबाईंना साखर निघाली तेव्हा त्यांच्या डॉक्टरनंही भाकरी खायला सांगितली, त्यामुळं आता आजी आणि नात शेजारी बसून एकाच तव्यावरची भाकरी खातात. चपातीच्या घरात गहू माझ्या आणि सुट्टीवर आलेल्या नवऱ्याच्या ताटात उरलाय.

आल्यागेल्याला सासूबाई एक गोष्ट सांगतात. मिरजेच्या डॉक्टरीणबाईंना आपण कसं सांगितलं, आपण बोललो म्हणून पोरीचं दुखणं कसं कळलं, बाई कशा चकित झाल्या. बिब्बा त्यात नसतो, सांगली नसते, करंजी नसते. पण जे असतं त्यात एक अक्षर खोटं नाही, म्हणून मला तोंड उघडता येत नाही. पोरीला ती गोष्ट पाठ आहे. लहानपणी तर झोपताना ती आजीकडून मुद्दाम ऐकायची.

परवा मी चुलीपुढं होते. ती पाटावर बसून खात होती. सासूबाई सोप्यात होत्या. मध्येच तिनं विचारलं, "आई, तू डॉक्टरांना खोटं का सांगितलंस? आजी म्हणती, तू चपाती म्हणालीस."

काहीतरी थाप मारता आली असती. आठवत नाही म्हणता आलं असतं. पण एकदा खोटं बोलून झालं होतं.

"लाज वाटली," मी म्हणाले. "माझ्या माहेरची. भाकरीची."

तिनं हातातल्या तुकड्याकडं बघितलं. मग माझ्याकडं. रागानं नाही, गणित सुटल्यावर बघते तसं.

"मग मी मेले असते की," ती म्हणाली, आणि उठून आजीकडं लोणी मागायला गेली.