कॅमेरा शोधणारी माणसं

जेवताना आमच्याकडे टीव्हीवर प्रँकचा कार्यक्रम लागतो. त्यात एक माणूस रस्त्यात मुद्दाम कोसळतो. कुणी बाई धावत येते, तो तिला लपवलेला कॅमेरा दाखवतो आणि ती बिचारी ओशाळून हसते. मेल्यांना यात काय गंमत वाटते, देव जाणे! चॅनेल बदलावं, तर सुपरहिरो उडत येऊन शहर वाचवतो. तिथली माणसं नुसती माना वर करून उभी.

काल मंडईत एक आजोबा कोसळले. हातात कोथिंबिरीची जुडी तशीच होती. “शूटिंग असेल हो,” भाजीवाली म्हणाली, आणि आम्ही सगळे कॅमेरा शोधू लागलो.

आजोबांचा हात हलायचा थांबला तेव्हा मी, टीव्हीवर बरी दिसावी म्हणून, पदर सारखा करत होते.