मालकानं भंडारा उचलावा

माझं तोंड लहानपणापासनं फटकळ. "हिला नांदवणारा अजून जन्मला न्हाय," असं आई म्हणायची. पण भेटला की! निपाणीत तंबाखूच्या वखारीत कामाला होता. मी दिवसभर बडबडायची आणि तो हसायचा. असा गुणाचा माणूस, वखारीचा माळा अंगावर पडून गेला. माळ्याची तुळई कुजलीय हे त्यानं मालकाला आधीच सांगितलं होतं. मालकानं ऐकलं न्हाय, उलट वर आणखी पोती चढवली. आणि माणूस मेल्यावर म्हणतो कसा, "प्यालता. स्वतःच धडपडला."

प्यालता! ज्याला ताक जरा आंबट झालं तरी ठसका लागायचा, तो! माझं टाळकंच फिरलं. मी चिकोडीच्या कोर्टात भरपाईचा दावा ठोकला. भरपाई हवीच होती, पोरगी पदरात होती. पण तिच्या बापाला कुणी दारुडा म्हणू नये, हे मला त्याहून लई हवं होतं.

साक्षीला वखारीतलं कुणी येईना. पोटावर पाय कोण आणून घेणार? आमचे वकीलसाहेब बेळगावचे, भला माणूस, पण तारखेगणिक त्यांचं तोंड उतरत चाललं. शेवटी मला राहवलं न्हाय. मी उभी राहिले न् न्यायाधीशांना म्हणाले, "साहेब, मालकानं खंडोबाचा भंडारा उचलावा आणि सांगावं, तुळईचं मला कुणी काय बोललं न्हवतं, आणि तो प्यालता. मी दावा सोडते."

देवापुढची ती हळद हातात घेऊन खोटं बोलायला आमच्याकडं कुणी धजत न्हाय. पण मालक ताडकन म्हणाला, "उचलतो की!" तेव्हा कायद्यात अशी शपथ चालायची. साहेबांनी लिहून घेतलं. वकीलसाहेबांनी कपाळावर हात मारला. "बाई, स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेतलास!"

रविवारी देवळात ही गर्दी! कोर्टाच्या कारकुनाला उभं राहायला जागा मिळंना. मालक अंघोळ करून ओलेत्यानं आला, मागं त्याची म्हातारी आई. माझी तर पाचावर धारण बसली. ह्यानं उचललाच, तर पोरीला काय सांगू?

त्यानं हात पुढं केला. भंडाऱ्याच्या ताटाजवळ गेला न् हात तिथंच थांबला.

"उचल की रं," म्हातारी म्हणाली. "खरं असंल तर उचल."

मालक आईकडं बघंना, देवाकडं बघंना. हात मागं घेऊन पुटपुटला, "तो प्यालता न्हवता. त्यानं मला सांगितलं होतं."

"मोठ्यानं सांगा," मी ओरडले. "मागं ऐकू जात न्हाय!"

लोक हसले. आणि त्यानं मोठ्यानं सांगितलं.

पुढं भरपाई मिळाली, दारात म्हैस आली. पण त्या दिवशी म्हातारीनं ताटातला भंडारा चिमटीत घेतला आणि माझ्या कोऱ्या कपाळाला लावला. मी हसत, रडत, तसंच घर गाठलं.

पोरगी दारात उभी. "आई, कपाळ कशानं पिवळं झालं गं?"

"तुझा बा जिंकला," मी म्हणाले, आणि तिच्याही कपाळाला लावला.