माशांचं पिंप

सासऱ्यांनी लवळ्यातला रानाचा एक तुकडा विकला, त्या पैशातून खोल्या बांधल्या, कॉलेजच्या पोरांना भाड्याने दिल्या आणि मग दिवाणखान्यात माशांची काचेची पेटी आणली. वास्तू सांगणाऱ्या कुणीतरी म्हटलं होतं, लाल मासे ठेवा आणि सोबत एक काळा ठेवा, घरावरची पीडा तो घेतो. हा माणूस स्वतःच्या घरी काय ठेवत होता, कोण जाणे.

मासे मात्र सासऱ्यांना मनापासून आवडायचे. सुनेशी कामापुरतं बोलणारे हे गृहस्थ पेटीपुढे चहा घेऊन बसायचे आणि "या रं बाळांनो" म्हणत खाणं टाकायचे.

आमच्या नळाच्या पाण्याला ब्लीचिंगचा वास असतो. ते दिवसभर उघडं ठेवून मगच माशांना द्यायचं, असं दुकानदाराने बजावलं होतं. ठेवायचं कशात? मी म्हटलं, पोरांचे पाण्याचे रिकामे जार जिन्याखाली पडलेत, त्यात पाण्याशिवाय काही गेलेलं नाही, त्यातलाच एक घ्या. पण साधी गोष्ट ऐकली तर आमच्या घराची अब्रू जाते. धाकटे दीर पिरंगुटच्या भंगारवाल्याकडून कमरेएवढा निळा ड्रम घेऊन आले. आमच्या भागात हे ड्रम घरोघरी दिसतात. कारखान्यात त्यात काय भरलेलं होतं ते कुणी विचारत नाही, झाकण घट्ट बसतं का तेवढं बघतात. या ड्रमवरचा कागद अर्धा खरवडलेला होता. उरलेल्या अर्ध्यावर हातमोजा घातलेल्या हाताचं चित्र होतं.

दिरांनी तो कपड्यांच्या पावडरीने घासला, उन्हात वाळवला, पुन्हा घासला.

"अजून वास येतोय, भावजी," मी म्हटलं. "आणि माशांच्या भांड्याला साबण लावत नाहीत."

"वहिनी, मी कारखान्यात कामाला हाय. तुमी भाकरीकडं बघा."

मी भाकरीकडे बघितलं. ती नीट झाली. मासे मात्र ड्रममधलं पाणी पेटीत पडताच तोंडं उघडत वर आले आणि सकाळपर्यंत सगळे उताणे झाले. सासरे म्हणाले, पीडा गेली. दीर म्हणाले, लई मोठी असणार, म्हणून लालही गेले. दोघांनी मिळून नवे मासे आणले, त्यांना त्याच ड्रममधलं पाणी दिलं, आणि तेही गेले. तेव्हा कुठे सासऱ्यांनी ड्रममध्ये डोकं घातलं.

"वास येतुया," ते म्हणाले, जणू हे घरात कुणी पहिल्यांदाच बोलत होतं.

मला वाटलं, चला, आता तरी ड्रम भंगारात जाईल. छे. सासऱ्यांनी माझ्या स्वयंपाकघरातलं पिण्याच्या पाण्याचं स्टीलचं पिंप उचलून पेटीजवळ नेलं आणि पिंपाच्या जागी ड्रम भरून ठेवला. पैसे देऊन आणलेला ड्रम वाया कशाला घालवायचा, माणसं काय माशांएवढी नाजूक असतात का, असं त्यांचं म्हणणं. आमचे हे पेपरातून मान वर न काढता म्हणाले, "असू दे गं, गाळून पिऊ." यांच्या अकलेला गाळणी लावली असती तर खाली काय उतरलं असतं, देव जाणे.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझी मुलगी शाळेची बाटली घेऊन ड्रमपाशी उभी राहिली. मी तिच्या हातातून बाटली काढून घेत होते, तेवढ्यात सासऱ्यांनी बाहेरून पाणी मागितलं. मी मुद्दाम ड्रममधूनच तांब्या भरून नेला आणि त्यांच्यापुढे धरला.

त्यांनी हात पुढे केला आणि थांबले. इतक्या वर्षांत पाणी कुठलं ते त्यांनी कधी विचारलं नव्हतं.

"कुटलं हाय?"

"ड्रममधलं."

"मग ऱ्हाऊ दे. मला माशांच्या पिंपातलं दे."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. यांना सगळं कळत होतं. मी त्यांना पिंपातलं पाणी दिलं, त्याच पिंपातून मुलीची बाटली भरली, आणि मग स्वयंपाकघरात जाऊन ड्रम आडवा केला. पाणी उंबरा ओलांडून दिवाणखान्यात शिरलं.

सासऱ्यांनी पटकन पाय वर घेतले.