मागून म्हणणारे रघुभाऊ

तव्यावरची भाकरी करपत होती आणि फोन कानाशी धरून उभी असलेली माझी बायको ती उतरवत नव्हती... तेव्हाच काहीतरी वाईट घडल्याचं मला कळलं. पाचोऱ्याचे तिचे भाऊजी, म्हणजे माझे साडू रघुभाऊ, दुपारी जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत. धुळ्याहून आम्ही लगेच निघालो. वाटेत ती एकदाच बोलली, "अक्कांना कोण सांगणार?"

सीताअक्का म्हणजे रघुभाऊंची थोरली बहीण. श्रावणात घरी खानदेशातली कानबाई देवी बसली की अक्का आणि त्यांची जाऊ गाणी म्हणायच्या. अक्कांनी ओळ सोडायची, जावेनं ती मागून धरायची, अशी रीत. जाऊ वारली, अक्कांचाही दम कमी होऊ लागला, आणि त्यातली कितीतरी गाणी दुसऱ्या कोणालाच येत नव्हती. रघुभाऊंना तीच धास्ती होती. शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या या माणसानं मग ही गाणी रेकॉर्ड करायचं मनावर घेतलं, तेही एका जुन्या संगणकावर लिनक्स ही सगळ्यांना खुली असलेली प्रणाली टाकून. "मोबाईलवर करा की," मी म्हणालो. "गाणी कोणाच्या मालकीची नाहीत, सुरेशराव," ते म्हणाले, "मग ती ठेवायची जागा तरी कुलूपबंद कशाला?"

पुढचं पाहून मात्र मला हसू आवरेना. आज एका प्रकारचं लिनक्स पसंत, उद्या नापसंत. कधी डेस्कटॉप, म्हणजे पडद्याची सगळी सजावट बदल, कधी आवाजाचं सॉफ्टवेअर. "लग्नाच्या वेळी तर पहिल्याच बैठकीत हो म्हणालात!" मी चिडवलं. "त्याचाच वचपा काढताहेत," आतून वहिनींचा, म्हणजे त्यांच्या बायकोचा, आवाज आला. शेवटी त्यांनी सगळ्यात देखणा डेस्कटॉप ठेवला. पडद्यावरच्या खिडक्या उघडताना नुसत्या लहरत यायच्या. रघुभाऊ त्याकडे नव्या सुनेकडे पाहावं तसे कौतुकानं पाहत राहायचे.

अक्का पहिल्यांदा हेडफोन लावून बसल्या त्या दिवशी मी तिथे होतो. त्यांनी ओळ म्हटली आणि थांबल्या. डोकं जरा कलतं करून काहीतरी ऐकलं, मग पुढची ओळ घेतली. प्रत्येक ओळीनंतर तसंच. गाणं संपल्यावर खुशीत म्हणाल्या, "रघू, मांगेथीन कोन म्हनी राह्यनं रे? चांगलं धरस." संगणकावर त्या झगमगाटाचा भार पडला होता. अक्कांचाच आवाज त्यांच्या कानात उशिरा पोचत होता, आणि त्या बिचाऱ्या दुसरीची ओळ पुरी होऊ देत होत्या! रघुभाऊंनी समजावून सांगितलं.

मग रघुभाऊ त्या उशिराच्या मागे हात धुऊन लागले. देखणा डेस्कटॉप गेला, साधासुधा हलका आला. उशीर कमी करावा तर फोडणीतल्या मोहरीसारखी तडतड ऐकू यायची. तडतड घालवावी तर पुन्हा उशीर. कितीतरी दिवस झगडून एकदाचं जमलं, तेव्हा मला धुळ्याला फोन करून लहान मुलासारखे हसले. अक्कांना पुन्हा बोलावलं. त्यांनी एक ओळ म्हटली, थांबल्या... आणि थांबूनच राहिल्या. "कोठे गयी ती?"

"अक्का, कोणी नव्हतंच."

"माले ठाऊक शे, कोनी नव्हतं. पन एकलीले गानं म्हनता येत नही रे."

"तो उशीर परत आणा," मी हळूच सुचवलं. रघुभाऊंनी नकारार्थी मान हलवली. त्यांनी दुसरा माइक काढला, स्वतःच्या आवाजासाठी वेगळा ट्रॅक उघडला आणि अक्कांच्या समोर मांडी घातली. आयुष्यभर वर्गात ओरडून बसलेला घोगरा आवाज, त्यात बाप्याच्या तोंडी बायकांचं गाणं! अक्का पदर तोंडाला लावून हसत सुटल्या. पण मग गायल्या. सगळी गाणी गायल्या. "माझा ट्रॅक शेवटी बंद करून टाकायचा," रघुभाऊ मला म्हणाले, "गाणी बायकांची आहेत, त्यात मी कशाला?" ते शेवटचं काम त्यांच्या हातून व्हायचं राहिलं.

वहिनींनी परवा मला त्या संगणकाच्या खोलीत नेलं. "तुम्हीच काय ते करा," म्हणाल्या. मी रघुभाऊंचं ऐकलं, त्यांचा आवाज बंद केला आणि अक्कांना ऐकायला बसवलं. पहिली ओळ झाली. पुढे नुसती शांतता, मग दुसरी ओळ, पुन्हा शांतता. अक्कांनी माझ्याकडे पाहिलं. "रघूले काढी टाकं का?"

"त्यांनीच सांगितलं होतं, अक्का."

"तो सांगस आनि तू ऐकस!"

माझे डोळे भरून आले होते, बटण नीट दिसेना. रघुभाऊंचा ट्रॅक चालू केला. अक्कांचा ट्रॅक मात्र बंद झाला, घाईत चुकीचं बटण दाबलं गेलं असावं. मी दुरुस्त करायला गेलो तर अक्कांनी माझा हात धरला. डोळे मिटले आणि बसल्या जागी स्वतःच ओळ म्हटली, थकलेल्या आवाजात, पण पुरी. मग थांबल्या.

रघुभाऊंनी ती धरली.