बाबा फ्रेममध्ये येतात

पहिल्या फिल्मचं नाव विचारलं की मी थिएटरात लागलेल्या सिनेमाचं सांगते. खरी पहिली चाळीस मिनिटांची आहे आणि ती आमच्या घरातच पडून आहे.

तेव्हा अंधेरीत एका मालिकेच्या सेटवर मी चौथी असिस्टंट होते, म्हणजे नटांच्या चपला सांभाळायचं काम. दिग्दर्शक म्हणाले, "स्वतःचं काहीतरी शूट करून दाखव." त्याच महिन्यात धाकट्या बहिणीचं लग्न होतं. मी घरात जाहीर करून टाकलं, व्हिडिओवाला नको, फिल्म मी करणार.

मुलुंडच्या हॉलमध्ये मी कॅमेरा घेऊन नाचत होते, आणि बाबा दर दहा मिनिटांनी लेन्ससमोर. उभा जन्म मुंबईच्या गिरणीत गेला तरी त्यांची मालवणी सुटली नव्हती. "जेवलंस काय गो?" शेवटी मी सगळ्यांसमोर खेकसले, "बाबा, फ्रेममधून बाहेर व्हा ना! वाट लागते शॉटची." मुलीचा बाप तो, पण त्यानंतर दिवसभर भिंतीच्या कडेनं, कॅमेऱ्याखालून वाकून जात राहिला. मला तेव्हा बरंच वाटलं, खोटं कशाला बोलू?

एडिटिंगला बसले तेव्हा उरलेसुरले बाबाही कापले. कन्यादानाला मी फक्त हातांचा क्लोजअप घेतला होता. आई पाण्याची धार सोडतेय, खाली बाबांची ओंजळ. दिग्दर्शकांना तो शॉट फार आवडला. "स्वच्छ काम आहे," म्हणाले, आणि पुढच्या मालिकेत मला थेट दुसरी असिस्टंट केलं. मेमरी कार्ड तिथे हवं होतं, म्हणून मूळ शूटिंग पुसून टाकलं.

दोन वर्षांनी बाबा गेले. घरात फोटो होते, पण तेराव्यानंतर आई म्हणाली, "लग्नाची फिल्म लाव गं. त्यांना चालताना बघायचंय."

मला माहीत होतं त्यात काय नाही ते. सांगायची हिंमत झाली नाही, म्हणून लावली. आई पुढे सरकून, चष्मा पुसून पुसून बघत राहिली. कन्यादान आलं तशी म्हणाली, "थांबव."

पडद्यावर बाबांचे हात होते. अंगठ्यावर मशीन लागल्याची जुनी खूण. ती बराच वेळ बघत बसली.

"आता तोंड दाखव."

मी पुढे नेलं. पुढच्या शॉटमध्ये फुलं होती.