कुंडीचं पाणी आणि लोटू आगवाला

बुऱ्हाणपुरात राहून कुंडीच्या पाण्याला नावं ठेवणारा एकच माणूस मी पाहिला, आणि तो माझा बाप होता. सातपुड्याच्या पायथ्याचं हे पाणी बादशाही काळापासून जमिनीखालच्या बोगद्यातून, एका कुंडीतून दुसऱ्या कुंडीत, असं गावात येतं. आमच्याकडे पाहुणा आला की आधी त्याच्या हातात तांब्या द्यायचा आणि तो 'वा' म्हणेपर्यंत त्याच्या तोंडाकडे बघत राहायचं, ही रीत. लोक आपल्या सुनेला नावं ठेवतील, जावयाला ठेवतील, पण कुंडीच्या पाण्याला नाही. आबांनी ठेवली, आणि तीही आपल्या मालकासमोर, शेठजींसमोर.

आबांचं नाव लोटू. गाव बहादरपूर, बुऱ्हाणपुराला लागूनच. बुऱ्हाणपुरातल्या एका जिनात ते आगवाले होते. जिन म्हणजे कापसातली सरकी काढून रुई मोकळी करायचा कारखाना. तिथली सगळी यंत्रं वाफेवर चालत, आणि वाफेचा बायलर तापता ठेवायचा तो आगवाल्याने. दिवाळी झाली की बायलर पेटायचा, तो होळीनंतर कधीतरी थंड व्हायचा. एरवी आबा दिसायला साधेच, पण बायलरसमोर उभे राहिले की त्यांच्या चेहऱ्यावर एक मालकी यायची. आजही डोळे मिटले की तो तापलेला, घामाने चकाकणारा चेहरा दिसतो आणि माझं मन भरून येतं. तसा बाप मला पुन्हा कुणात दिसला नाही.

त्यांच्या जोडीला देवरामकाका. ते सख्खे काका नव्हेत, एकाच आळीतले. दोघे एकाच दिवशी जिनात लागले होते. आबांना वाफेची जाण, देवरामकाकांना बैलाचं बळ. आबा वाफेच्या काट्याकडे बघून नुसता हात वर करत, की देवरामकाकांचं फावडं सुरू. काटा थरथरला की हात खाली. दिवसभरात दोघे दहा शब्द तरी बोलत की नाही, शंका आहे. दुपारी मात्र कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची भाकरी सोडून बसले की देवरामकाकांच्या तोंडाला खळ नसे. माझी माय, मालूबाई, भाकऱ्या चार जणांच्या बांधायची, कारण देवरामकाका एकटे तिघांच्या खायचे. त्यांची बायको बाळंतपणात गेली होती आणि त्यांना स्वयंपाक येत नव्हता. येत नव्हता म्हणण्यापेक्षा ते तो कधी शिकले नाहीत, कारण मायच्या हातचं चुकलं असतं.

युरोपात लढाई सुरू होती ते दिवस. लढाई तिकडे आणि झळ इकडे. कोळशाच्या रेल्वे-वाघिणी लष्कराच्या कामाला गेल्या. आमच्या स्टेशनात महिन्याला चार यायच्या तिथे एखादी येऊ लागली, आणि तिच्यातही निम्मे दगड. एका सकाळी मॅनेजर वामनरावांनी दोघांना बोलावून घेतलं. वामनराव भला माणूस, पण शेठजींचा निरोप सांगताना ते चष्मा काढून पुसत राहायचे. त्यांनी सांगितलं की पूर्वी रुईच्या ज्या गठाणीला, म्हणजे गठ्ठ्याला, एक टोपलं कोळसा लागायचा, तिला आता दीड लागतो. हे काही लढाईमुळे झालेलं नाही, तीन वर्षं हळूहळू वाढत आलंय. तेव्हा संक्रांतीपर्यंत कोळसा पूर्वीच्या मापावर आला नाही तर दोन आगवाल्यांपैकी एकाला घरी बसावं लागेल. शेठजींचा हिशेब असा की फावडी दोन आहेत म्हणून कोळसा जास्त पडतो. फावडं एक झालं की कोळसा आपोआप कमी पडेल. मोठ्या माणसांची अक्कलही मोठी असते, गरिबाच्या पोटात मावत नाही.

दोघांपैकी कोण, हे सांगायची गरज नव्हती. बायलर ज्याला कळतो तो राहणार.

त्या दिवसापासून आबा झपाटल्यासारखे झाले. कोळसा मुठीएवढा फोडून टाकायला लागले, म्हणजे तो पुरता जळावा. आग पातळ पसरली. धुराड्याची झडप बोटभर ओढून बघायची, धुराचा रंग बघायचा, पुन्हा अर्धं बोट सारायची. वाफेच्या उघड्या नळांना गोणपाट गुंडाळून वरून शेणमातीने लिंपून काढलं. जिनातले लोक हसले. म्हणाले, लोटूने नळाला गोधडी पांघरली. पळाट्या म्हणजे कापसाची वाळकी झाडं, सरकीची टरफलं, जे जळेल ते आणून टाकलं. या सगळ्याने थोडा फरक पडला, पण थोडाच. दीड टोपल्याचं सव्वा झालं आणि तिथेच अडलं. मार्गशीर्ष सरत आला होता आणि आबांचं जेवणावरून लक्ष उडालं होतं.

आता मायची गोष्ट. आमच्या घरी दोन माठ असायचे. एकात कुंडीचं पाणी, प्यायला. दुसऱ्यात तापीचं, डाळीला. बहादरपूरच्या कुठल्याही बाईला विचारा, कुंडीचं पाणी गोड खरं, पण जड. तुरीची डाळ त्यात शिजायचं नावच घेत नाही. हे बायकांना माहीत होतं आणि पुरुषांना नव्हतं, कारण पुरुष डाळ फक्त खातात. एके दिवशी माय तापीवर जाऊ शकली नाही, तिने कुंडीच्या पाण्यातच डाळ टाकली. आबा जेवायला बसले तर डाळ तशीच टणक. चुलीपुढे लाकडांचा ढीग संपलेला. आबा काही बोलण्याआधी मायच कडाडली, "मले काहून पाह्यता? या पान्यात दाय शिजते का कधी? नुसती लाकडं जयतात."

आबांच्या हातातला घास तसाच राहिला. माय म्हणायची, तिला वाटलं खडा लागला.

खडा नव्हता. तीन वर्षांपूर्वी शेठजींनी आपल्या वडिलांच्या नावाने कुंडीपासून जिनापर्यंत नळ टाकला होता. मजुरांना प्यायला गोड पाणी, आणि बायलरलाही तापीच्या ऐवजी तेच, कारण शेठजींचं म्हणणं, जे कारखान्याला पोसतं त्याला नदीचा गाळ कशाला पाजायचा. त्या दिवशी पूजा झाली, पेढे वाटले. बायलरवर नारळ फोडला तो आबांनीच. आपला बायलर कुंडीचं पाणी पितो म्हणून त्यांनीही आठवडाभर मिशीला पीळ दिला होता. कोळसा वाढायला लागला तो त्याच वर्षापासून, आणि ते कुणाच्याही ध्यानात आलं नव्हतं. येणार कसं? अमृताने पोट बिघडेल असं कुणाला वाटतं?

अमावस्येला जिन बंद असायचं. आबांनी वामनरावांना सांगून बायलर थंड करवला आणि माणूस जेमतेम जाईल एवढ्या तोंडातून कंदील घेऊन आत शिरले. दर पावसाळ्यात ते तो बायलर आतून खरवडत, पण थर जुना समजून, आणि पुरता तो कधी निघत नसे. दोन महिन्यांत आत पुन्हा पांढरा थर बसला होता, भाकरीएवढा जाड, दगडासारखा घट्ट. आच खालून लावायची आणि ती या दगडाला तापवण्यातच संपायची. पाण्यापर्यंत पोचणार काय? कुंड्यांच्या भिंतींवर असेच पांढरे थर आबांनी लहानपणापासून पाहिले होते. छिन्नीने एक ढलपा काढून ते बाहेर आले. देवरामकाकांनी तो हातात घेऊन वजन पाहिलं आणि म्हणाले की इतकी वर्षं आपण दगड शिजवत होतो.

वामनरावांना पटलं, पण शेठजींना सांगायचं कुणी? वडिलांच्या नावाचा नळ. वामनरावांनी हात जोडले. तेव्हा आबांनी मायला विचारलं, आणि माय, जी जिनाच्या फाटकातून कधी आत गेली नव्हती, पदर खोचून निघाली.

जिनाच्या आवारात दोन चुली मांडल्या. दोन सारखी मडकी, एकाच पोत्यातली डाळ, आणि लाकडं काट्यावर तोलून सारखी. एकात कुंडीचं पाणी, एकात तापीचं. शेठजी खुर्ची टाकून बसले, कारण हा तमाशा कशासाठी आहे हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. लाकडं संपली तेव्हा मायने दोन्ही मडक्यांत पळी घातली. तापीची डाळ पळीने फिरवताच विरघळली. कुंडीची दाणा दाणा वेगळी. मग आबांनी पांढरा ढलपा शेठजींच्या पायाशी ठेवला आणि सांगितलं की हा तुमच्या बायलरच्या पोटातून निघाला.

शेठजींचा चेहरा लाल झाला. त्यांनी विचारलं, माझ्या वडिलांचं पाणी खराब?

"पानी चांगलंच आहे, शेठजी," आबा म्हणाले. "मानसाले. बायलर काही मानूस नई."

शेठजींनी पळी मागून घेऊन कुंडीची डाळ स्वतः ढवळून पाहिली. मग उठले आणि जाता जाता वामनरावांना म्हणाले की तापीवरचा जुना पंप दुरुस्त करून घ्या. एवढं मात्र शेठजींचं मोठेपण मानलं पाहिजे. पुष्कळांना दाणा दाणा दिसूनही डाळ शिजली म्हणायची सवय असते.

आबा आणि देवरामकाकांनी तीन दिवस आत बसून थर फोडला. आळीपाळीने, कारण आत जीव गुदमरायचा. बाहेर आले की दोघे पांढरेफटक, आणि एकमेकांना बघून लहान पोरांसारखे हसायचे. पंप सुरू झाला. नदीचं पाणी हौदात निवळून बायलरला जाऊ लागलं. संक्रांतीच्या चार दिवस आधी वामनरावांनी मोजलं तर कोळसा जुन्या मापाच्याही खाली उतरला होता. आबांनी नळांना पांघरलेली गोधडी आणि धुराड्याच्या झडपेची बोटं आता कामाला आली होती. त्या दिवशी घरी पुरणपोळी झाली आणि देवरामकाकांनी किती खाल्ल्या ते सांगत नाही, ते आता नाहीत, तरी उगीच दृष्ट लागायची. माझ्या आयुष्यातलं ते सगळ्यात आनंदाचं जेवण. आबा हसत होते, माय वाढत होती, आणि दोघे मित्र एका ताटाशी बसले होते.

संक्रांतीला शेठजींनी आबांना शेला-पागोटं दिलं. मग वामनरावांनी त्यांना बाजूला घेतलं, आणि ते पुन्हा चष्मा पुसू लागले. शेठजींचा निरोप असा होता की आता कोळसा इतका कमी लागतो, तर तो टाकायला दोन माणसं कशाला? एकाचं काम आहे. त्यात खोटं काही नव्हतं. देवरामकाका गेले दोन आठवडे अर्धा दिवस भिंतीला टेकून बसत होते, हे आबांनाही दिसत होतं. ज्याला वाचवायला एवढं केलं, त्याचंच काम त्यांनी आपल्या हाताने संपवलं होतं.

आबा तिथल्या तिथे म्हणाले की देवरामला ठेवा, मी जातो, त्याला चार दिवसांत झडप शिकवतो. वामनराव म्हणाले, उद्या बघू.

दुसऱ्या दिवशी देवरामकाका आलेच नाहीत. कुणाकडून तरी कानावर गेलं असणार. आबांनी पागोटं घरी ठेवलं आणि फोपनारला निघाले. तिथे देवरामकाकांची बहीण दिली होती. काका तिच्या शेतात पळाट्या उपटत होते. आबांनी खूप विनवलं. रागावले, शेवटी रडलेसुद्धा. हे मला देवरामकाकांनीच पुढे सांगितलं, आबांनी कधी नाही. काका त्यांना एवढंच म्हणाले:

"मी आलो तं तू जाशील. तुह्या हातात बायलर आहे, लोटू. माह्या हातात नुसतं फावडं. फावडं वावरातबी चालते."

आबांनी त्यानंतर एकवीस वर्षं तो बायलर एकट्याने चालवला. आसपासच्या जिनांतले मालक आपापले आगवाले त्यांच्याकडे शिकायला पाठवत, नळाला गोधडी कशी पांघरायची, धूर कसा वाचायचा, पाणी कुठलं घ्यायचं. आबा सगळं शिकवत, हातचं काही राखत नसत. फक्त एक अट घालायचे, आणि ती ऐकून माणसं चक्रावून जायची. आधी जाऊन मालकाकडून कबूल करून घ्या, म्हणायचे, की कोळसा कमी झाला तरी माणूस कमी करणार नाही. मग या. काही जण कबूल करून घेऊन आले. बरेचसे आलेच नाहीत. आणि मायला याचा राग यायचा, मलाही यायचा, कारण शिकवण्याचे पैसे त्यांना सहज मिळाले असते.

वामनराव म्हातारे झाल्यावरही आमच्या ओट्यावर येऊन बसत. बसले की जो भेटेल त्याला सांगत, या लोटूमुळे जिन वाचलं, नाही तर त्या लढाईत कुलूप लागलं असतं, सव्वाशे माणसं उपाशी मेली असती. ते खरंच होतं. आबा कधी नाही म्हणाले नाहीत. खाली बघून म्हणायचे, "हो. एकशे चोवीस वाचले."